आधी मर्यादा, मग मोटार

२०२५ सालच्या जानेवारी ते जून या सहा महिन्यांत ‘जितो’, म्हणजेच जैन इंटरनॅशनल ट्रेड ऑर्गनायझेशनच्या सदस्यांनी देशभरात मिळून १८६ आलिशान मोटारी एकत्रित सौद्याने खरेदी केल्या. सुमारे १४९.५४ कोटी रुपयांच्या या खरेदीत २१.२२ कोटींची सूट मिळाल्याचे वृत्त सर्वत्र प्रसिद्ध झाले. सरासरी काढली, तर एका गाडीची किंमत सुमारे ८० लाख आणि गाडीमागे सूट सुमारे ११ लाख ४० हजार रुपये पडते. घाऊक मागणी नोंदवून भाव पाडून घेणे हे व्यापाऱ्याचे कौशल्य आहे आणि त्याचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु किती सूट मिळाली हा प्रश्न खरेदीच्या वेळचा आहे. वस्तू घ्यावी की नाही, हा प्रश्न त्याच्या बराच आधी विचारायचा असतो.

मराठवाड्याला असा सामुदायिक सौदा नवा नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक, व्यावसायिक आणि डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज मोटारी एकाच वेळी घेतल्या. त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश रक्कम भारतीय स्टेट बँकेने ७ टक्के व्याजाने कर्जाऊ दिली होती. मागासलेला म्हणून हिणवल्या जाणाऱ्या प्रदेशाची ऐपत यामुळे देशाला दिसली, असे पुष्कळांना वाटले. त्याच वेळी पत्रकार पी. साईनाथ यांनी एक बोचरा मुद्दा मांडला. त्याच जिल्ह्यातील शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जावर या मोटारींपेक्षा कितीतरी अधिक दराने व्याज भरावे लागत होते. ऐपतीचा अभिमान आणि भोवतालच्या समाजाची नजर, या दोन्ही गोष्टी आलिशान गाडीबरोबर दाराशी येतात, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

आज हा विषय मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणीही तो घरात बोलला जातो. जालना, मंठा, जिंतूर, सेलू आणि परभणी यांच्या दरम्यानची वर्दळ येथून जाते. कापूस, सोयाबीन, तूर यांवर चालणाऱ्या पेढ्या, कृषी सेवा केंद्रे, बांधकाम साहित्याची दुकाने अशा व्यापारात स्थिरावलेली कुटुंबे या परिसरात आहेत. पुण्यात शिकून परतलेला मुलगा वडिलांना म्हणतो, “आपण आता प्लग-इन हायब्रिड घेऊ. गावात विजेवर चालेल, लांबच्या प्रवासाला पेट्रोल आहे. प्रदूषण कमी आणि प्रतिष्ठाही.” वडील हिशेबाची वही जवळ ओढतात, पण त्या वहीत या गाडीसाठी कोणता रकाना आखावा, हे त्यांना उमजत नाही. तो रकाना आखून देण्याचा हा प्रयत्न आहे.

गाडी नेमकी कोणती?

हायब्रिड या एकाच नावाखाली दोन निराळ्या जातीच्या गाड्या विकल्या जातात. पहिली साधी हायब्रिड. तिच्यात लहान बॅटरी असते आणि ती इंजिनावर व ब्रेक लावताना वाचणाऱ्या शक्तीवर आपोआप भरते. तिला भिंतीतील विजेची गरज नसते. दुसरी प्लग-इन हायब्रिड. तिची बॅटरी मोठी असते, रात्री घरच्या विजेवर भरता येते आणि त्या भरलेल्या विजेवर गाडी काही किलोमीटर इंजिन चालू न करता धावते. वीज संपली की पेट्रोलचे इंजिन काम हाती घेते. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली अशी जगातील पहिली गाडी सेडानच होती. चीनच्या बीवायडी कंपनीने ती डिसेंबर २००८ मध्ये बाजारात आणली. चीनमध्ये आज या प्रकारच्या गाड्या मध्यमवर्गीय कुटुंबे वापरतात.

भारतात चित्र वेगळे आहे. येथे प्लग-इन हायब्रिड सेडान आल्या त्या बहुतेक अतिशय महाग आणि अतिशय शक्तिमान. २०१९ मध्ये बीएमडब्ल्यूने ७४५ एलई ही गाडी सुमारे १ कोटी ६५ लाखांना आणली. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच कंपनीची एम ५ आली. तेव्हाची शोरूममधील किंमत १ कोटी ९९ लाख, शक्ती ७२७ अश्वशक्ती आणि विजेवरचा पल्ला कंपनीच्या सांगण्यानुसार ६९ किलोमीटरपर्यंत. त्याच महिन्यात आलेल्या मर्सिडीज-एएमजी सी ६३ ची तेव्हाची किंमत १ कोटी ९५ लाख होती आणि तिचा केवळ विजेवरचा पल्ला जेमतेम १३ किलोमीटर आहे. मे २०२४ मध्ये आलेल्या एएमजी एस ६३ ची तेव्हाची किंमत ३ कोटी ३० लाख आणि विजेवरचा पल्ला सुमारे ३३ किलोमीटर.

हे आकडे नीट पाहावेत. १३ किलोमीटरच्या पल्ल्यात फाट्यावरून सेलूला जाऊन परत येणेही होत नाही. अशा गाड्यांत बॅटरीची योजना मुख्यतः वेग वाढविण्यासाठी केलेली असते. “हायब्रिड आहे, म्हणजे इंधन वाचविणारी आहे” हे समीकरण प्रत्येक गाडीला लागू पडत नाही. विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा तो अश्वशक्तीचा नव्हे, बॅटरी किती युनिटची आणि केवळ विजेवर गाडी किती किलोमीटर जाते, हा.

नियम पाळला तरच फळ

प्लग-इन हायब्रिडचा सारा लाभ एका सवयीवर अवलंबून आहे, आणि ती म्हणजे ती रोज नियमाने भरणे. नियम मोडला की ती बॅटरीचे ओझे वाहणारी जड पेट्रोल गाडी उरते. एम ५ चेच वजन २४०० किलोंहून अधिक आहे.

हा केवळ तर्क नाही. युरोपात नव्या गाड्यांमध्ये प्रत्यक्ष इंधनखर्च नोंदविणारी यंत्रणा बसविणे बंधनकारक आहे. तिच्या नोंदी तपासून युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे प्रत्यक्ष उत्सर्जन हे प्रमाणपत्रावरील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट आढळले. कारण साधे होते. लोक गाड्या अपेक्षेपेक्षा फार कमी वेळा भरत होते. त्यातही एक गोष्ट आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याआधी २०२२ मध्ये झालेल्या एका युरोपीय अभ्यासात, ज्या गाड्या कंपनीच्या नावावर होत्या आणि ज्यांचे पेट्रोल कंपनी भरत होती, त्यांचा इंधनखर्च प्रमाणपत्राच्या सुमारे पाच पट निघाला. स्वतःच्या पैशाने चालविणाऱ्यांचा सुमारे तीन पट. खर्च पेढीच्या खात्यात पडू लागला की काटकसर सैल पडते, हा अनुभव कोणत्याही एकत्र कुटुंबाला नवीन नाही.

व्रत एकदा घेतले म्हणून पुण्य साठत नाही, ते रोज पाळावे लागते, असे आपण मुलांना सांगतो. ही मोटार त्याच जातीची आहे. घरात रोज रात्री दुकान वाढविल्यावर गाडी विजेला जोडण्याची शिस्त कोण पाळणार, याचे उत्तर आधी मिळाले पाहिजे.

फाट्यावरचा रस्ता आणि वीज

आता गाडी देवगाव फाट्यावर आणून उभी करू. पेढी, मोंढा, सेलूचे रेल्वे स्थानक, जिंतूरजवळच्या नेमगिरीचे दर्शन ही जवळपासची कामे झाली. यांतील रोजच्या फेऱ्या पन्नास-साठ किलोमीटरचा पल्ला असलेली गाडी विजेवर करू शकेल. जालन्याला निघाल्यास मात्र तेथे पोहोचण्याआधीच बॅटरी संपेल. पुढे छत्रपती संभाजीनगर, कचनेर किंवा पुणे हा सर्व प्रवास पेट्रोलवरच होईल. म्हणून वर्षभराच्या धावण्यातील किती किलोमीटर रोजच्या लहान फेऱ्यांचे आणि किती लांबच्या प्रवासाचे, याची तीन महिने वहीत नोंद ठेवावी. जिथे लांबचा प्रवास निम्म्याहून अधिक आहे, तिथे प्लग-इनचा उपयोग थोडा आहे.

विजेची बाजूही पाहिली पाहिजे. साडेअठरा युनिटची बॅटरी घरच्या १६ ॲम्पिअरच्या जोडणीवर भरण्यास सहा-सात तास सलग वीज लागते. घराचा मंजूर भार पुरेसा आहे का, अर्थिंग उत्तम आहे का आणि रात्रीचा दाब स्थिर राहतो का, हे जाणत्या वायरमनकडून तपासून, भार वाढविणे आवश्यक असल्यास महावितरणकडे रीतसर अर्ज करून मगच चार्जर बसवावा. जुन्या वाड्याच्या वायरिंगवर रात्रभर एवढा भार टाकणे धोक्याचे आहे, आणि गोदामात कापूस किंवा बारदाना असेल तर विशेषच.

सेडान ही बुटकी गाडी असते. आपल्या गावांतील उंच गतिरोधक, पावसाळ्यात खचणाऱ्या साइडपट्ट्या आणि उसाच्या ट्रॉलींनी उखडलेले रस्ते तिला सोसत नाहीत. पुष्कळ आलिशान गाड्यांत जादा चाकही नसते. अधिकृत सेवाकेंद्रे मोठ्या शहरांतच असतात, म्हणून साध्या बिघाडासाठीही गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावी लागू शकते. दुरुस्तीच्या बिलाबरोबर तो खर्च आणि तो दिवस, दोन्ही हिशेबात धरावेत.

वहीतला हिशेब

समजा, गाडी सर्व खर्चासह २ कोटींना पडली. रोज ४० किलोमीटर, वर्षातून ३०० दिवस, म्हणजे १२,००० किलोमीटर ती शिस्तीने विजेवर चालविली. तेवढ्याच अंतराला अशा वर्गातील पेट्रोल गाडी लिटरला ९ किलोमीटर देईल असे धरले, तर १३३३ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०५ रुपयांप्रमाणे खर्च १ लाख ४० हजार. विजेवर किलोमीटरला ०.३० युनिट आणि युनिटला १२ रुपये धरल्यास खर्च ४३,२०० रुपये. वार्षिक बचत झाली सुमारे ९७ हजार.

आता दुसरी बाजू मांडू. हेच २ कोटी रुपये ७ टक्के दराने मुदत ठेवीत असते, तर वर्षाला १४ लाख व्याज आले असते. आयकरासाठी मोटारीवर दरवर्षी शिल्लक मूल्याच्या १५ टक्के घसारा धरतात. त्या हिशेबाने २ कोटींची गाडी पाच वर्षांनी वहीत सुमारे ८९ लाखांची उरते. बाजारात ती तेवढ्यालाही विकली जाईल, याची खात्री कोणी देत नाही. कर्ज काढले तर? १ कोटी ६० लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज आणि सात वर्षांची मुदत धरल्यास हप्ता महिना २ लाख ५७ हजारांच्या आसपास येतो आणि एकूण व्याज सुमारे ५६ लाख होते.

एका बाजूला ९७ हजारांची बचत आणि दुसऱ्या बाजूला १४ लाखांचे गमावलेले व्याज. इंधनाची बचत हे कारण सांगून दोन कोटींची गाडी घेणे म्हणजे हळकुंडासाठी लग्न उरकण्यासारखे आहे. गाडी हौसेसाठी घ्यायची असेल, तर तसे घरात स्पष्ट बोलावे. हौसेला काटकसरीचे नाव दिले की हिशेब खोटा होतो, आणि खोटा हिशेब घरातल्या घरातही वाईटच.

कराच्या बाबतीतही भ्रम नसावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांनुसार मोठ्या हायब्रिड गाड्यांवर ४० टक्के कर आहे. त्यापूर्वी तो उपकरासह ४३ टक्के होता. पूर्ण विजेवरच्या गाडीवर मात्र केवळ ५ टक्के कर आहे. समृद्धी महामार्गासह तीन प्रमुख मार्गांवर पथकर माफीची राज्याची २०२५ ची घोषणाही पूर्ण विद्युत गाड्यांसाठीच आहे. शासन हायब्रिडला विजेची गाडी मानत नाही, हे यावरून समजावे.

पेढीच्या नावावर घ्यावी का?

व्यापारी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. पेढीच्या नावावर गाडी घेतल्यास घसारा, व्याज आणि विमा हे खर्च दाखविता येतात, हे खरे. परंतु पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाल्यास घसारा निम्माच मिळतो. कुटुंबाच्या खासगी वापराचा भाग वजा होतो. १३ पर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या वस्तू व सेवा कराची वजावट सामान्य व्यापाऱ्याला मिळत नाही, म्हणजे तो ४० टक्के कर पूर्णपणे खर्चच ठरतो. १० लाखांवरील गाडीवर विक्रेता १ टक्का कर गोळा करतो, तो तेवढा विवरणपत्रात समायोजित होतो. शिवाय महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर नोंदविलेल्या मोटारीला वैयक्तिक गाडीपेक्षा अधिक मोटार वाहन कर पडतो. तो आकडा परिवहन कार्यालयातून आधी विचारून घ्यावा. कर वाचेल म्हणून गाडी घेणे म्हणजे तीस पैसे वाचविण्यासाठी रुपया खर्च करणे होय.

सर्वांत गंभीर गोष्ट कॅश क्रेडिटची आहे. पेढीची मर्यादा ही माल आणि उधारी यांच्या आधारावर दिलेली असते. हंगामात कापूस, तूर घेण्यासाठी ती रक्कम असते. त्यातून गाडीची आगाऊ रक्कम उचलली, की अल्प मुदतीचा पैसा दीर्घ मुदतीच्या वस्तूत अडकतो. स्टॉक स्टेटमेंटमध्ये तो माल म्हणून दिसू शकत नाही. उचलीची पात्रता कमी पडते, आणि तेही नेमक्या अशा वेळी, जेव्हा माल दाराशी आलेला असतो. बँकेच्या भाषेत याला निधी अन्यत्र वळविणे म्हणतात. बँकेच्या नोकरीत असंख्य ताळेबंद डोळ्यांखालून गेले. चांगल्या पेढ्या व्यापारातील तोट्याने जितक्या खचल्या, तितक्याच खेळते भांडवल स्थावरात, लग्नात आणि गाड्यांत गोठल्याने खचलेल्या दिसल्या.

यातून भरडला जातो तो पेढीवर विश्वास ठेवणारा शेतकरी. ज्याच्या तुरीचे पैसे “पुढच्या आठवड्यात” देण्याचा वायदा झाला आहे, तो पेढीच्या दारात दोन कोटींची नवी गाडी पाहून काय समजेल? आपल्या पूर्वजांनी या भागात शब्दावर पत कमावली. कागद नंतर आले. मोठ्या गाडीने पत वाढते, हा गैरसमज आहे. वेळेवर दिलेल्या पैशाने ती वाढते.

त्याचप्रमाणे एकत्र कुटुंबात गाडी थोरल्याच्या नावावर आणि हप्ता सामाईक खात्यातून, अशी व्यवस्था कधीही ठेवू नये. कोणाच्या भांडवल खात्यात ती रक्कम पडेल, चालक व विम्याचा खर्च कोण करील, धाकट्या जाऊबाईंना माहेरी जाताना ती मिळेल की नाही, हे आधीच ठरवावे. वाटण्यांच्या वेळी निघणारे रुसवे बहुधा अशाच न बोललेल्या गोष्टींचे असतात.

आनंद श्रावकाची वाटणी

आपल्या आगमांत या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांच्या दहा प्रमुख श्रावकांची चरित्रे आहेत. त्यांतील पहिला वाणिज्यग्रामचा आनंद गाथापती. तो गडगंज श्रीमंत होता. त्याच्या १२ कोटी सुवर्णमुद्रांचे तीन समान भाग होते. ४ कोटी ठेव म्हणून सुरक्षित, ४ कोटी व्यापार-व्याजात आणि ४ कोटी घर व वैभव यांत. अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाने मान डोलवावी, अशी ही वाटणी आहे.

महावीरांपाशी श्रावकव्रते घेताना आनंदाने संपत्ती टाकून दिली नाही. त्याने तिच्या सीमा बांधल्या. त्यात वाहनांचाही स्वतंत्र उल्लेख आहे. प्रवासासाठी ५०० गाडे आणि मालवाहतुकीसाठी ५०० गाडे, याहून अधिक नाही. ५०० हा आकडा आपल्याला मोठा वाटेल. त्याच्या ऐपतीला तो साजेसा होता. महत्त्व आकड्याला नसून, आकडा आधी ठरला याला आहे. तसेच प्रवासाची वाहने आणि मालाची वाहने यांचे हिशेब त्याने वेगळे ठेवले, हेही व्यापाऱ्याने पाहण्याजोगे आहे.

श्वेतांबर परंपरेत रोज सकाळी चिंतन करावयाच्या चौदा नियमांत ‘वाहन’ हा एक नियम आहे. आज किती आणि कोणती वाहने वापरीन, याची मर्यादा श्रावक करतो. दिगंबर परंपरेत आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात परिग्रहपरिमाण व्रताचे जे दोष सांगितले आहेत, त्यांत ‘अतिवाहन’ आणि ‘विस्मय’ हे दोन आहेत. लोभापायी वाहन वाजवीपेक्षा अधिक पळविणे हा पहिला, आणि दुसऱ्याचे वैभव पाहून चकित होणे, मनात झुरणे हा दुसरा. शेजारच्या पेढीवर नवी गाडी आली म्हणून आपल्या घरात सुरू झालेली चर्चा कोणत्या दोषात बसते, हे सांगायला नको.

अहिंसेचा हिशेब

“विजेवर चालते, म्हणून हिंसा कमी” असे तरुण मंडळी म्हणतात. त्यांच्या भावनेचा आदर करावा आणि माहितीही पूर्ण द्यावी. महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग आजही कोळशावर तयार होतो. परळीचे औष्णिक केंद्र आपल्यापासून दूर नाही. म्हणजे धूर आपल्या दारातून हलला, तरी नाहीसा झाला नाही. त्यावर उपाय आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या घरगुती सौर संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. असा संच उन्हाच्या दिवसांत रोज सुमारे १२ युनिट वीज देतो, आणि वरच्या हिशेबात रोजच्या ४० किलोमीटरना नेमकी तेवढीच वीज लागते. ज्याला खरोखर धूर कमी करायचा आहे, त्याने आधी छतावर सौर संच बसवावा. गाडी नंतर आली किंवा आलीच नाही, तरी त्याचा लाभ घराला मिळेल.

अहिंसेची दुसरी बाजू वेगाची आहे. समृद्धी महामार्गावरही कारची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, मग ७२७ अश्वशक्ती कुठे वापरायची? फाट्यावर तर बैलगाडी, ट्रॅक्टर, शाळेची मुले आणि एसटीची वाट पाहणारी माणसे एकाच रस्त्यावर असतात. आपले साधू-साध्वी याच रस्त्यांनी अनवाणी विहार करतात. पहाटेच्या अंधुक प्रकाशात वाहनाच्या धडकेने विहारातच काळधर्म पावल्याच्या बातम्या समाजाने वारंवार वाचल्या आहेत. शिवाय विजेवर चालताना गाडीचा आवाज जवळजवळ येत नाही, त्यामुळे पायी चालणाऱ्याला ती जवळ आल्याचे कळत नाही. ज्या घरात अशी शक्तिमान गाडी येईल, त्या घरातील तरुणाने वेगाची मर्यादा व्रत म्हणून घ्यावी, आणि ती वडीलधाऱ्यांसमोर घ्यावी.

मग निर्णय काय?

हा लेख गाडी घेऊ नका असे सांगण्यासाठी लिहिलेला नाही. कष्टाने आणि सचोटीने मिळविलेल्या धनाचा मर्यादेत उपभोग घेणे गृहस्थाला वर्ज्य नाही. वृद्ध आई-वडिलांना तीर्थयात्रा सुखाने घडावी, ही इच्छा चांगलीच आहे. परंतु त्या सुखासाठी दोन कोटींची आवश्यकता नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलेली टोयोटा कॅम्री ही साधी हायब्रिड सेडान तेव्हा ४८ लाखांची होती आणि ती प्रमाणित चाचणीत लिटरला सुमारे २५ किलोमीटर देते. भिंतीतील विजेची तिला गरज नाही, त्यामुळे शिस्त चुकली तरी तिचा लाभ चुकत नाही. रोजच्या फेऱ्याच प्रमुख असतील आणि छतावर सौर संच असेल, तर पूर्ण विजेवरची गाडी करातही स्वस्त पडते. याच टोयोटा कंपनीने जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथे विद्युत आणि हायब्रिड गाड्यांच्या कारखान्यासाठी राज्य शासनाशी सुमारे २० हजार कोटींचा सामंजस्य करार केला आहे. घाईने घेतलेली गाडी उद्याच्या बाजारात जुनी ठरण्याची शक्यता त्यामुळे अधिकच आहे.

तरीही प्लग-इन हायब्रिड घ्यायचीच असेल, तर पाच गोष्टी वहीत लिहून मगच शोरूमची पायरी चढावी. पहिली, आपल्या कुटुंबाची वाहनांवरील एकूण मर्यादा किती, हा आकडा सर्वांच्या संमतीने ठरवावा, आणि तो गाडी पाहण्याआधी ठरवावा. दुसरी, पैसा आनंद श्रावकाच्या तिसऱ्या भागातूनच यावा. व्यापाराचा भाग आणि ठेवीचा भाग यांना हात लागू नये. तिसरी, शेतकऱ्यांची आणि इतर व्यापाऱ्यांची देणी त्या दिवशी पूर्ण चुकती असावीत. चौथी, तीन महिन्यांच्या नोंदीनुसार निम्म्याहून अधिक धावणे विजेवर होणार असावे आणि रोज गाडी भरण्याची जबाबदारी एका व्यक्तीने घ्यावी. पाचवी, गाडीच्या किमतीच्या प्रमाणात दानाचा एक भाग त्याच दिवशी वेगळा काढावा. पांजरपोळ असो, विद्यार्थ्यांचे वसतिगृह असो की विहारातील साधू-साध्वींसाठी मार्गावर उभारायची विश्रांतीची जागा असो.

या पाचही अटी पूर्ण करून दाराशी आलेली गाडी कोणाच्या डोळ्यांत सलणार नाही. त्यांपैकी एखादी पूर्ण होत नसेल, तर गाडी एक-दोन हंगाम थांबू शकते. तुरीचे पैसे थांबू शकत नाहीत. मुलाने सुचविलेल्या गाडीला वडिलांनी नकार दिला तरी त्यांनी हा हिशेब त्याला शेजारी बसवून मांडावा. पेढी पुढे त्यालाच चालवायची आहे, आणि वहीत हा रकाना कसा आखायचा, हे त्याला आजच कळलेले बरे.

जय जिनेंद्र.